जपानी तलवारीची पाटी वाचायची कशी?

संग्रहालयात काचेमागे पांढऱ्या कापडावर एक नुसतं पातं ठेवलेलं असतं. मूठ नाही, म्यान नाही. शेजारच्या पाटीवर साधारण असा मजकूर असतो:

कताना. मेइ: बिशू ओसाफुने सुकेसादा, एइशो 16, आठवा महिना. नागासा 2 शाकू 1 सुन 5 बु. सोरी 7 बु. शिनोगी-झुकुरी, इओरी-मुने. किताए: इतामे. हामोन: गुनोमे, निओई-देकी. बोशी: को-मारू. नाकागो: उबु, मेकुगी-आना एक.

ही पाटी इथे नमुन्यादाखल रचली आहे, पण जपानी तलवारीचं वर्णन याच धाटणीत लिहितात, आणि पहिल्यांदा वाचणारा हमखास गोंधळतो. शब्द परके आहेत हे एक कारण. दुसरं असं की बहुतेक ठिकाणी अर्थांची नुसती यादी दिलेली असते आणि यादी डोक्यात राहत नाही. खरं तर यातला जवळजवळ प्रत्येक शब्द लोहाराने केलेल्या एखाद्या कामाची खूण आहे. तलवार ज्या क्रमाने घडते त्या क्रमाने हे शब्द घेतले, तर पाठांतराची गरजच पडत नाही.

2025 मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने मिळवली, तेव्हा अनेकांनी 'फिरंग' हा शब्द पहिल्यांदा लक्ष देऊन वाचला. पातं युरोपी घडणीचं, हे त्या एका शब्दात आहे. जपानी शब्दही असेच माहितीने भरलेले आहेत.

आधी उच्चार

इंग्रजीवरून आल्यामुळे आपल्याकडे 'कटाना' रूढ झालं आहे. मूळ उच्चार 'कताना'. यातला 'त' दाताला जीभ लावून म्हणायचा, आपल्या 'तलवारी'तला. 'ताची', 'तांतो' हेही तसेच. 'त्सुबा'मधला 'त्सु' इंग्रजी बोलणाऱ्याला जड जातो, पण मराठी माणसाला तो आयता येतो: 'चूल' म्हणताना जो 'च' येतो, तोच.

आणखी एक अडचण जोडशब्दांची. दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन अनेकदा मऊ होतं. 'सोरी' म्हणजे बाक, पण बाकाचा एक प्रकार 'तोरिइझोरी'. 'कुची' म्हणजे तोंड, पण म्यानाचं तोंड 'कोइगुची'. आपल्या 'वाक्' आणि 'ईश'चा जसा 'वागीश' होतो, तसंच काहीसं. त्यामुळे एकच शब्द दोन रूपांत दिसला तर ती छपाईची चूक समजू नये.

कताना, ताची, वाकिझाशी: फरक कशात?

पहिला निकष लांबीचा. जुनं जपानी माप 'शाकू', म्हणजे 30.3 सेंटिमीटर. त्याचा दहावा भाग 'सुन', सुनचा दहावा भाग 'बु'. पातं 2 शाकूंहून लांब असेल तर ती कताना किंवा ताची. 1 ते 2 शाकूंच्या मध्ये असेल तर वाकिझाशी. 1 शाकूहून आखूड असेल तर तांतो, म्हणजे कट्यारीसारखं आखूड शस्त्र.

ही लांबी म्हणजे 'नागासा'. ती मोजताना हमखास चूक होते. टेप बाकावरून फिरवायचा नसतो. टोकापासून पात्याच्या पाठीवरच्या खाचेपर्यंत, म्हणजे 'मुने-माची'पर्यंत, सरळ रेषेत अंतर घ्यायचं. मुठीत जाणारा भाग त्यात धरत नाहीत. आपल्या पाटीवरचे 2 शाकू 1 सुन 5 बु म्हणजे सुमारे 65 सेंटिमीटर.

ताची आणि कताना लांबीने सारख्या असू शकतात. फरक बाळगण्याच्या पद्धतीत आहे. ताची ही घोडेस्वाराची तलवार, कमरेला दोऱ्यांनी लटकवलेली, धार खाली. कताना कमरपट्ट्यात खोचलेली, धार वर. पायी लढताना उपसल्या उपसल्या त्याच हालचालीत वार करता येतो म्हणून ही पद्धत पुढे रुळली. लोहार सहसा अंगाबाहेरच्या बाजूला नाव कोरत असे. धार खालची वर झाली की बाहेरची बाजूही बदलते. म्हणून नाव कुठल्या बाजूला आहे यावरून ती ताची म्हणून घडवली की कताना म्हणून, हे बहुतेक वेळा सांगता येतं. संग्रहालयात ताची धार खाली आणि कताना धार वर करून मांडतात. पाटी वाचण्याआधीच एवढं ओळखता येतं.

एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 दरम्यान, कताना आणि वाकिझाशीची जोडी बाळगणं ही सामुराईंची खूण होती. या जोडीला 'दाइशो', शब्दशः 'मोठी-धाकटी', म्हणतात. एकटी वाकिझाशी मात्र व्यापारीही बाळगू शकत.

आकार: बाक, कणा, पाठ, टोक

'सोरी' म्हणजे बाक. नागासाची सरळ रेषा आणि पात्याची पाठ यांच्यात जिथे सर्वांत जास्त अंतर असेल, ते अंतर म्हणजे सोरीचं माप. 7 बु म्हणजे सुमारे 2 सेंटिमीटर. पण मापाइतकंच महत्त्व आहे ते बाक कुठे पडलाय याला. जुन्या ताचींमध्ये तो मुठीजवळ सर्वांत खोल असतो, तो 'कोशिझोरी'. मधोमध असेल तर 'तोरिइझोरी', कारण तो शिंतो देवळांच्या 'तोरिइ' कमानीच्या वरच्या तुळईसारखा दिसतो. टोकाकडे असेल तर 'साकीझोरी'. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या, एका हाताने चटकन उपसायच्या आखूड कतानांमध्ये तो नेहमी दिसतो.

या बाकावरून जपानीत एक वाक्प्रचार आहे: दोन माणसांचं पटत नसेल तर त्यांची 'सोरी जमत नाही'. कारण प्रत्येक म्यान एकाच पात्याच्या बाकाबरहुकूम कोरलेलं असतं, दुसऱ्याचं पातं त्यात जात नाही. आपल्याकडे एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. जपानी म्यानात परकी अशी एकसुद्धा शिरत नाही.

पात्याच्या दोन्ही अंगांवर, पाठीशी जवळीक ठेवून, लांबच लांब एक कंगोरा जातो. तो 'शिनोगी'. हा पात्याचा कणा. इथे पातं सर्वांत जाड असतं आणि इथून धारेकडे निमुळतं होत जातं. असा कंगोरा असलेली घडण म्हणजे 'शिनोगी-झुकुरी'. कंगोरा नसलेली, विळीच्या पात्यासारखी सपाट घडण 'हिरा-झुकुरी'. बऱ्याच तांतो अशाच असतात. दोघांत चुरशीची लढत झाली तर जपानी माणूस आजही 'शिनोगी घासली' म्हणतो, कारण तलवारीवर तलवार अडवताना हेच कंगोरे एकमेकांवर घासतात.

पाठीला 'मुने' म्हणतात. ती सपाट नसते. बहुतेकदा तिला कौलारू घरासारखी दोन पाखी आणि मध्ये आढं असतं; हीच 'इओरी-मुने'. 'इओरी' म्हणजे झोपडी. तीन पृष्ठभागांची 'मित्सु-मुने', गोलसर 'मारू-मुने' हे दुसरे प्रकार.

टोकाचा भाग 'किस्साकी'. तो उरलेल्या पात्यापासून एका आडव्या रेषेने वेगळा होतो, ती 'योकोते'. स्वस्त नकलेत ही रेषा नुसती घासून उमटवलेली असते. अस्सल पात्यात योकोतेपाशी पृष्ठभागाचा कोनच बदलतो. तिथे बोटाने नव्हे, नजरेने कडा जाणवते.

काही पात्यांवर पाठीलगत लांब पन्हळ असते, तिचं नाव 'ही'. 'रक्त वाहून जाण्यासाठी' ही समजूत सगळीकडे आढळते, पण ती चूक आहे. पन्हळीने वजन कमी होतं आणि त्या मानाने ताठपणा फारसा घटत नाही. पत्र्याला नागमोडी वळण दिलं की पातळ पत्राही ताठ राहतो, त्याच जातीचा हा विचार.

पोलाद: घड्या किती घालतात?

'हजार वेळा घडी घातलेलं पोलाद' हे वाक्य जाहिरातीत हमखास असतं. हिशेब करून पाहा. एक घडी घातली की दोन थर, दुसरीने चार, तिसरीने आठ. 10 घड्यांत 1,024 थर होतात, 15 घड्यांत 32,768. प्रत्यक्षात लोहार साधारण 10 ते 15 घड्या घालतो. त्यापुढे प्रत्येक तापवणीत पोलादातला कार्बन जळत जातो आणि धार धरेल असा कसच उरत नाही. हजार आकडा थरांचा आहे, घड्यांचा नव्हे.

घड्या घालायच्या का? कारण कच्चा माल एकसारखा नसतो. पारंपरिक पोलाद, 'तामाहागाने', शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे 'तातारा' नावाच्या मातीच्या भट्टीत लोहयुक्त वाळू आणि लोणारी कोळसा यांपासून बनतं. ही परंपरा खंडित झाली होती, ती 1977 मध्ये पुन्हा सुरू झाली. एका वेळी सुमारे 10 टन वाळू आणि 12 टन कोळसा तीन दिवस-तीन रात्री थोडाथोडा टाकत राहतात. शेवटी भट्टी फोडूनच सुमारे अडीच टनांचा गोळा बाहेर काढावा लागतो. त्यातला जेमतेम काही भाग तलवारीच्या लायकीचा निघतो, आणि त्यातही कुठे कार्बन जास्त, कुठे कमी, मध्येमध्ये मळी. घडी घालून ठोकल्याने मळी ठिणग्यांबरोबर बाहेर पडते आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरतो. सुरुवातीला 1 ते 1.5 टक्का असलेला कार्बन शेवटी 0.6–0.7 टक्क्यांच्या आसपास येतो.

थरांची जी नक्षी पृष्ठभागावर उमटते ती 'हादा', शब्दशः त्वचा. चिरोट्याचे पदर जसे लाटण्याच्या पद्धतीप्रमाणे वेगळे दिसतात, तसंच इथे घडी कुठल्या दिशेने घातली यावर नक्षी ठरते. कापलेल्या फळीवरच्या रेषांसारखी ती 'इतामे', गाठीभोवतीच्या वर्तुळांसारखी 'मोकुमे', सरळ रेषांची 'मासामे'. आपल्या पाटीवर 'किताए: इतामे' आहे, 'किताए' म्हणजे घडाई. भारतातल्या प्रसिद्ध मुशीच्या पोलादावरही नक्षी दिसते, पण ती मुशीत द्रव पोलाद सावकाश गोठताना आतून तयार होते. जपानी नक्षी ऐरणीवर, घणाखाली तयार होते.

सबंध पातं एकाच पोलादाचं नसतं. कडक पोलादाचं आवरण, 'कावागाने', आणि आत मऊ लोखंडाचा गाभा, 'शिंगाने'. सगळ्यांत साध्या पद्धतीत करंजीच्या पारीसारखं आवरण गाभ्याभोवती दुमडतात. दुमड धारेकडे, उघडी बाजू पाठीकडे. सारण एका बाजूला सरकलं तर करंजी तिथेच फुटते. इथेही गाभा कलला, तर पुढे झिलई देता देता तो पृष्ठभागावर डोकावतो. आवरण झिजलेल्या अशा पात्याला 'त्सुकारे', थकलेलं, म्हणतात.

पाणी: हामोन खरं काय आहे?

मराठीत तलवारीला 'पाणी' असतं. विळ्या-कोयत्याला लोहार 'पाणी देतो', म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवतो. जपानी तलवारीचा सगळा जीव याच कृतीत आहे. तिला 'याकी-इरे' म्हणतात.

आपला लोहार पाणी देताना धारेकडचाच भाग आधी बुडवतो, बाकीचा नंतर. जपानी लोहार सबंध पातं एकदम बुडवतो, पण त्याआधी त्यावर चिकणमाती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड कालवून लेप देतो. पाठीवर जाड, धारेवर पातळ. लेप सुकला की भट्टीत सुमारे 750 ते 800 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. भट्टीघरात अंधार केलेला असतो, कारण तापमान लालीच्या छटेवरूनच ओळखायचं असतं. मग पाणी.

धारेवर लेप पातळ, म्हणून ती क्षणात थंड होते आणि तिथलं पोलाद 'मार्टेन्साइट' नावाच्या अतिशय कडक रूपात गोठतं. पाठीवर लेपाची जाड गोधडी, म्हणून ती सावकाश थंड होते आणि मऊ, चिवट राहते. मार्टेन्साइट जागा जास्त घेतं. त्यामुळे धारेची बाजू लांबते आणि पातं पाठीकडे वाकतं. म्हणजे बाकाचा बराचसा भाग पाण्यातच पडतो. लोहार तो अंदाज धरून आधी कमी बाकाचं पातं घडवतो.

कडक आणि मऊ पोलादाची जी सीमा दिसते ती 'हामोन'. ती वरून काढलेली रेघ नाही. धातूची रचना जिथे बदलली, तिथली ती हद्द आहे. लेप कसा लावला यावर तिचा आकार ठरतो: सरळ असेल तर 'सुगुहा', सलग अर्धगोलांसारखी 'गुनोमे', संथ लाटांसारखी 'नोतारे', आणि 'चोजी'. चोजी म्हणजे लवंग. लवंगांचे बोंड ओळीने मांडावेत तसा तो हामोन दिसतो.

हामोनला नुसतं सौंदर्य समजूनही सोडून देऊ नये. अनेक लोहार धारेवर आडव्या, बारीक लेपरेषा देतात. त्यांच्याखाली मऊ पोलादाच्या पट्ट्या उरतात, त्या 'आशी', म्हणजे पाय. कडक धारेचा टवका उडालाच तर तो पुढच्या आशीपाशी थांबतो, सबंध धार सोलवटत नेत नाही.

आता पाटीवरचा सर्वांत अवघड शब्द: 'निओई-देकी'. हामोनची सीमा जवळून पाहिली तर ती पांढुरक्या कणांची असते. कण सुटे दिसण्याइतके मोठे असतील तर 'निए', आणि सुटे न दिसता धुक्यासारखे पसरले असतील तर 'निओई'. दोन्ही मार्टेन्साइटच, फरक रवा आणि पिठीचा. बिझेन प्रांतातल्या बहुतेक लोहारांची खासियत निओई, तर सागामी प्रांतातल्या मासामुने या नामवंत लोहाराच्या परंपरेची निए.

हे फोटोत जवळजवळ कधीच दिसत नाही, आणि संग्रहालयातही नुसतं उभं राहून दिसत नाही. दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर कुठे पडलंय ते आधी शोधावं, मग गुडघे किंचित वाकवून डोकं वर-खाली करत ते प्रतिबिंब हामोनच्या सीमेवर आणावं. ज्या क्षणी ते कडेवर येतं, त्या क्षणी निओईची रेघ उजळते आणि तिच्या आत आशी, बारीक धागे, ढग दिसू लागतात. जरा हललं की सगळं नाहीसं. झिलईकार शेवटी धारेकडचा भाग बारीक दगडाच्या पापुद्र्याने पांढरा करतो, तो ठळक पांढरेपणा म्हणजेच हामोन अशी अनेकांची समजूत होते. तो झिलईचा भाग आहे. खरा हामोन त्याच्या आत, प्रकाशाच्या कोनात आहे.

'मग काही हजारांत मिळणाऱ्या तलवारीवरही अशी रेघ असते, ती?' ती बहुधा आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते. ती कुठल्याही कोनातून सारखीच दिसते, आत कण नसतात. दुसरी परीक्षा टोकापाशी. खरा हामोन किस्साकीत शिरून टोकाभोवती वळतो आणि पाठीकडे परततो. या भागाला 'बोशी' म्हणतात. लहानसं गोल वळण घेऊन परतली तर 'को-मारू'. नकली रेघ बहुतेकदा योकोतेपाशीच संपते किंवा टोकात नुसती फिकट होते. अस्सल तलवारीतही टोक मोडून पुन्हा घासलं असेल तर बोशी नाहीशी होते, आणि मग किंमत कोसळते, कारण टोकाला कडक पोलादच उरलेलं नसतं.

या कृतीवरूनही एक जपानी शब्द रोजच्या बोलण्यात आला आहे. बोथट पात्याला वरून जोडलेली कडक धार म्हणजे 'त्सुकेयाकिबा'. घोकून, वरवर चढवलेल्या ज्ञानालाही हाच शब्द.

एवढं करून ती मोडत नाही का?

मोडते. जपानी तलवार सगळं कापते आणि कधी वाकत नाही, ही दंतकथा आहे. कडक धार हाडावर किंवा दुसऱ्या पोलादावर आपटली तर टवका उडतो; मऊ पाठीमुळे पातं तुटण्याआधी वाकतं, आणि स्प्रिंगसारखं आपोआप सरळ होत नाही. म्हणून या तलवारीच्या मुख्य गुणाला तिखटपणापेक्षा वाटणी म्हणणं मला योग्य वाटतं: कापायचं काम धारेचं, धक्का सोसायचं काम पाठीचं.

पाणी देतानाच अनेक पाती वाया जातात. पाणी जास्त थंड, पोलाद जास्त गरम, किंवा लेप एका जागी निसटला, की धारेला आडवी चीर पडते. हिला 'हागिरे' म्हणतात आणि हा सर्वांत वाईट दोष. ती केसाइतकी बारीक असते, दुरुस्त होत नाही आणि वारासरशी तिथेच पातं तुटू शकतं. तलवार पारखताना म्हणूनच धारेचा इंचन् इंच दिव्याखाली सरकवतात. थर नीट न जुळल्याने आलेला फोड, 'फुकुरे', दिसायला जास्त वाईट पण त्या मानाने कमी घातक. आगीत सापडलेली तलवार वेगळीच. तिचं पाणी उतरतं. पुन्हा पाणी दिलं तर हामोन येतो, पण तो मूळ लोहाराचा नसतो.

नाकागो: मुठीत लपलेलं जन्मपत्र

पात्याचा मुठीत जाणारा शेपटा म्हणजे 'नाकागो'. रघुजींच्या तलवारीवर देवनागरी लेख पात्याच्या पाठीवर सोन्यात आहे, सर्वांना दिसेल असा. जपानी लोहाराचं नाव, 'मेइ', मूठ काढल्याशिवाय दिसत नाही.

आपल्या पाटीवर 'बिशू ओसाफुने सुकेसादा' आहे. बिशू म्हणजे इथे बिझेन प्रांत, आजच्या ओकायामाचा आग्नेय भाग. ओसाफुने हे गाव. तिथे शतकानुशतके तलवारी घडत होत्या. सुकेसादा लोहाराचं नाव, पण इथे सावध राहायला हवं. सोळाव्या शतकात ओसाफुनेत हे नाव लावणारे अनेक लोहार होते. युद्धांच्या काळात एकीकडे मागणीप्रमाणे घाऊक पाती निघत, दुसरीकडे कुणा सरदारासाठी खास, आणि दोन्हींवर नाव सुकेसादाच. नुसतं नाव वाचून भाव ठरवणारा फसतो.

'एइशो 16' हे राजवटीचं वर्ष, म्हणजे इसवी सन 1519. महिना पाहा: आठवा. तारीख कोरलेल्या बहुसंख्य पात्यांवर दुसरा किंवा आठवा महिना असतो. जुन्या पंचांगातले हे ऐन वसंत आणि ऐन शरदाचे महिने. हा संकेत होता. पातं त्याच महिन्यात पूर्ण झालं असं समजू नये.

'उबु' म्हणजे नाकागो मूळ स्थितीत आहे. हा शब्द पाटीवर का लिहावा लागतो? कारण कित्येक लांब ताची पुढच्या काळात आखूड केल्या गेल्या. टोकाला हात लावता येत नाही, तिथे बोशी आहे. म्हणून शेपटाकडून कापतात, खाचा वर सरकवतात आणि खुंटीसाठी नवं भोक पाडतात. हे 'सुरिआगे'. खूपच कापलं तर नावच निघून जातं, ते 'ओ-सुरिआगे'. कधी नावाचा तुकडा जपून नव्या शेपटात चौकटीसारखा बसवतात, तो 'गाकु-मेइ'. म्हणून भोकं मोजावीत: 'मेकुगी-आना एक' आणि 'उबु' हे एकमेकांना दुजोरा देतात. तीन भोकं दिसली तर या तलवारीने मालक आणि मूठ अनेकदा बदलली असणार.

नाकागोवरचा काळसर-तपकिरी गंज कधीही घासू नये. नवशिक्या मालकाच्या हातून होणारी ही सर्वांत महागडी चूक. तो गंज शतकांचा असतो आणि वय ओळखण्याचा एक भरवशाचा आधार असतो. त्याखाली कानशीचे ओरखडे, 'यासुरिमे', असतात. मुठीत शेपटा घट्ट धरावा म्हणून ते मारलेले, पण आडवे, तिरपे की ससाण्याच्या पिसासारखे, हे घराण्यानुसार ठरलेलं. गंज घासला की ओरखडे आणि अक्षरांच्या कडा दोन्ही जातात.

मूठ आणि म्यान: सगळं एका खुंटीवर

पूर्ण साजाला 'कोशिराए' म्हणतात. त्याचे भाग लक्षात ठेवण्याचा सोपा मार्ग म्हणजे तलवार उघडणं.

मुठीच्या, म्हणजे 'त्सुका'च्या, बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात बांबूची निमुळती खुंटी: 'मेकुगी'. लहान पितळी हातोडीने बारीक टोकाकडून ती ठोकून काढतात. मग डाव्या हाताने मुठीचं शेवटचं टोक धरून पातं किंचित तिरकं, उभं ठेवतात आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलका ठोका देतात. पहिल्या ठोक्याने पातं किंचित वर उसळतं, दुसऱ्याने आणखी सैल होतं. जोरात ठोकलं तर आखूड शेपटाचं पातं मुठीतून उडी मारून बाहेर पडतं. तांतोच्या बाबतीत हे विशेष जपावं लागतं.

मूठ निघाली की पुढे एकेक गोष्ट सुटत जाते. आधी पातळ चकती, 'सेप्पा', आपल्या वायसरसारखी. मग हातरक्षक 'त्सुबा'. मग दुसरी सेप्पा. सगळ्यांत शेवटी तांब्याचा किंवा सोन्या-चांदीने मढवलेला पट्टा, 'हाबाकी', जो खाचांना टेकून बसतो. हाबाकीचं काम बुचाचं आहे. म्यानात घट्ट बसून ती पात्याला हवेत तरंगत ठेवते, लाकडाला टेकू देत नाही. सेप्पा सैल असली तर त्सुबा खुळखुळते, जाड असली तर खुंटीचं भोक जुळत नाही. माणूस कोंडीत सापडला की जपानी त्याला 'सेप्पा-त्सुमारु' म्हणतात. त्याचा संबंध बहुधा अशाच अडकण्याशी जोडतात.

मूठ लाकडाची, तिच्यावर रे माशाची खडबडीत कातडी, 'सामेगावा', आणि वरून रेशमी फीत. ही कातडी सतराव्या शतकात सयामसारख्या देशांतून जहाजांनी येई. फितीखाली दोन्ही अंगांना 'मेनुकी' नावाचे लहान धातूचे अलंकार. मुठीच्या तोंडाशी 'फुची' हे कडं, शेवटी 'काशिरा' हे टोपण.

म्यान, 'साया', होनोकी नावाच्या मॅग्नोलियाच्या लाकडाचं. ते मऊ असतं आणि त्यात राळ कमी असते. दोन फाका कोरून त्या भाताच्या खळीने चिकटवतात. ही खळ मुद्दामच कमी ताकदीची: पुढेमागे आत गंज धरला किंवा कचरा अडकला तर म्यान न फोडता उकलून साफ करता आलं पाहिजे. पक्क्या डिंकाने चिकटवलेलं म्यान पात्याचं नुकसान करतं. तोंड 'कोइगुची', म्हणजे कोइ माशाचं तोंड. आकार खरंच तसा आहे. बाजूला 'कुरिगाता' हा दोरीचा उंचवटा, त्यातून 'सागेओ' ही दोरी, शेवटी 'कोजिरी'. रोज न वापरल्या जाणाऱ्या पात्यासाठी बिनरंगाचं साधं लाकडी म्यान-मूठ असतं, 'शिरासाया'. ते ठेवणीचं आहे. त्याला त्सुबा नसते आणि त्यातून वार करायचा नसतो.

हा सगळा डोलारा एका बांबूच्या खुंटीवर उभा आहे. ती चिरली, सुकली किंवा सैल झाली तर वार करताना पातं मुठीतून सुटू शकतं. म्हणून दर वेळी आधी खुंटी तपासतात.

हातात घेताना

पात्याला बोट लावायचं नाही. घामाच्या ठशातून काही दिवसांत गंज धरतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर फारच लवकर. धार वर ठेवून म्यानातून एका ओढीत काढायचं, म्हणजे पातं पाठीवर सरकतं आणि म्यान आतून कापलं जात नाही. पात्यावर बोलायचं नाही, थुंकीचे बारीक थेंब उडतात. जुनं तेल मऊ कागदाने पुसून नव्या तेलाचा अगदी पातळ हात देतात. त्या पारंपरिक तेलाचं नाव 'चोजी-आबुरा', लवंगी तेल, पण आज ते मुख्यतः खनिज तेल असतं. दगडाच्या पुडीची पुरचुंडी, 'उचिको', पात्यावर आपटून पुसण्याची रीत चित्रांमुळे माहीत झाली आहे. ती वारंवार केली तर झिलईवर सूक्ष्म ओरखडे उमटतात, म्हणून नुसत्या मऊ कापडाला पसंती द्यावी.

एवढ्या शब्दांचा उपयोग काय, असं वाटेल. जपानमध्ये तलवारीच्या अभ्यासकांच्या बैठकांत त्याचं रोख उत्तर मिळतं. पाच-सहा पाती मांडलेली असतात, पण प्रत्येकाच्या नाकागोवर साधी लाकडी मूठ चढवलेली. नाव झाकलेलं. आलेला माणूस एकेक पातं उचलतो, हात लांब करून आधी आकार आणि बाक पाहतो, मग दिव्याकडे धरून हामोन, मग हादा, शेवटी बोशी. चिठ्ठीवर लोहाराचं नाव लिहून देतो. चिठ्ठी परत येते ती एका शब्दाच्या शेऱ्यासह. 'आतारी' म्हणजे अचूक. 'दोझेन' म्हणजे नाव वेगळं, पण त्याच्या इतक्या जवळच्या लोहाराचं की बरोबरच धरावं. शेरा नकाराचा आला, तर तो पुन्हा तेच पातं उचलतो आणि बाकापासून वाचायला सुरुवात करतो.